चरईच्या जुन्या घराच्या तुळया आहेत, डायनिंग टेबल होईल का?

चरईची_लेक
नमस्कार मंडळी. ठाण्यात चरईला आमच्या आजोबांचं दुमजली कौलारू घर होतं, ते यंदा रिडेव्हलपमेंटला गेलं. पाडायच्या आधी बाबांनी हट्टाने चार तुळया, माजघराचं दोन फळ्यांचं दार आणि पुढच्या दाराचा उंबरा सोडवून घेतला, सगळं सध्या कळव्याला मामाच्या गाळ्यात पडलंय. तुळया ५ बाय ६ इंचाच्या, ९ फूट लांब, बाबा म्हणतात बर्मा टीक (ब्रह्मदेशचा साग), मला त्यातलं काही कळत नाही. मला त्याचं ५ बाय ३ फुटांचं डायनिंग टेबल करायचंय आणि जमलं तर एक बाक. फ्लॅट घोडबंदरला १४व्या मजल्यावर. आत्तापर्यंत तीन सुतार येऊन गेले, तिघांचं एकच, ताई हे भंगारात द्या, प्लायवर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) मारून असंच दिसणारं करून देतो, आणि त्यातलाच एक जाताना विचारतो की तुळया विकणार का! म्हणजे भंगार नक्कीच नाहीये. दोन तुळयांना बारीक भोकं आहेत, खाली पिवळसर पावडर दिसली. दारावर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. आजीचं सगळं आयुष्य त्या घरात गेलं, मला हे लाकूड रोज हाताखाली हवंय. कुठून सुरुवात करू?

रंधा_ऐरोली
ताई, आधी एक, विकू नका. सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करतोय, घरातलं निम्मं फर्निचर जुन्या लाकडाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

बर्मा की मालाबार की बल्लारशा हे नुसतं बघून सांगणारे खूप भेटतील, त्याच्या मागे लागू नका. एका टोकाला करवतीने पाव इंचाची चकती काढा, ताज्या कापाला सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट आणि चामड्यासारखा वास आला की साग. गाभ्याचा भाग गडद असतो, कडेचा पांढरट. किडा बहुतेक त्या पांढरटमध्येच शिरतो, सागाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही, त्यामुळे भोकं कुठे आहेत ते बघा, कडेलाच असतील तर तेवढी कड कापून टाकली की विषय संपला. पावडर जुनी की नवी हे कळायला तुळई झटकून साफ करा, खाली काळा कागद पसरा आणि पंधरा दिवस हलवू नका. नवीन पावडर पडली तर किडा जिवंत आहे. मग ती तुळई बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि उन्हात ठेवून मरेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पाच इंच जाड लाकडाच्या पोटापर्यंत ऊन पोचत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकांत औषध इंजेक्ट करून घ्या, किंवा फळ्या कापून झाल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन-तीन हात द्या.

आता हिशोब. ५ बाय ६ ची ९ फुटी तुळई म्हणजे पावणेदोन घनफुटापेक्षा थोडं जास्त, चारांचं मिळून साडेसात. टोकं भिंतीत गाडलेली असतात, तिथे ओल लागून कुजलेली निघतात, दोन्हीकडचं सहा-सहा इंच गेलं असं धरा, उरले ८ फूट. एका तुळईच्या दीड इंची तीन फळ्या निघतात, सहा इंच रुंद. दोन तुळयांच्या सहा फळ्या, प्रत्येकीतून ५ फूट घेतलं की टेबलाचा माथा झाला, रंधा मारून कडा जुळवल्यावर रुंदी ३६ ऐवजी ३३-३४ इंच भरेल, ते आत्ताच मनाशी धरा. तिसऱ्या तुळईचा अडीच फुटाचा तुकडा घ्या, त्याचे उभे चार भाग केले की चार पाय. उरलेल्यात आणि चौथीत पट्ट्या आणि बाक आरामात बसतं. म्हणजे तुमचं लाकूड पुरतंय, आणि माप लाकडावरून ठरवा, फोटो बघून नको. फोटोतलं आठ फुटी टेबल डोक्यात ठेवून मी पहिल्या वेळी चांगल्या फळ्यांना जोड मारले, अजून वाईट वाटतं.

वखारीतला
वरचं सगळं बरोबर. माझ्या वडिलांची वखार होती म्हणून एक सांगतो, सुतार नाही म्हणतात त्याचं कारण खिळे. जुन्या तुळईत खिळा तुटून आत राहिलेला असतो, वरून दिसत नाही, प्लेनरचं (रंधा मारायच्या मशीनचं) पातं त्यावर गेलं की पातं संपलं. सॉ मिलवालेही याच भीतीने जुनं लाकूड घेत नाहीत. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून चारही बाजूंनी फिरवा, जिथे ओढेल तिथे खडूने खूण, खोल असेल तर साधा मेटल डिटेक्टर मिळतो तो वापरा. सगळे खिळे काढून, मिलवाल्याला खुणा दाखवून, पातं तुटलं तर भरून देईन असं आधीच बोलून घ्या, मग तयार होतात. मॉड्युलर किचन करणाऱ्यांकडे जाऊच नका, त्यांचा हिशोब प्लायच्या स्क्वेअर फुटावर असतो. देव्हारे, झोपाळे, दाराच्या चौकटी करणारा माणूस शोधा, त्याला कुसू-खाचेचा जोड (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा) येतो. आणि त्याला रोजावर घ्या, उक्तं नको, कारण जुन्या लाकडात किती वेळ जाईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही आणि उक्त्यात मग घाई होते.

वाशीची_आई
दाराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. घरात लहान मूल आहे का? जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. त्यामुळे ते दार सुकं घासायचं नाही, सँडर तर अजिबात लावायचा नाही, ती धूळ घरभर बसते आणि मुलांच्या हाताने तोंडात जाते. पेंट रिमूव्हर लावून, ओलं ठेवून खरवडायचं, खाली प्लास्टिक, हातमोजे, चांगला मास्क, आणि खरवडलेलं सगळं पिशवीत बांधून टाकायचं. हे काम गाळ्यातच करा, फ्लॅटमध्ये नको. आम्ही सासरच्या घराचं दार बाल्कनीत घासलं होतं, माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, नंतर हे सगळं वाचलं आणि कित्येक रात्री झोप लागली नाही. तिची रक्ततपासणी नॉर्मल आली, पण तुम्ही तो धोका घेऊ नका.

चरईची_लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. वाशीची आई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे, दाराला आता गाळ्याबाहेर आणणार नाही. काल मॅग्नेट फिरवलं, एका तुळईत अकरा खिळे निघाले, काही चौकोनी हाताने घडवलेले, ते बाबांनी डब्यात भरून ठेवलेत. काळा कागदही घातलाय. वास खरंच चामड्यासारखा आला. दोन प्रश्न राहिले, आत्ता लगेच करायला घेऊ का, आणि पॉलिश कुठलं?

रंधा_ऐरोली
पावसाळ्यात माथा जोडू नका. फळ्या आत्ता कापून घ्या हवं तर, पण मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थप्पी लावा, वर वजन ठेवा, आणि जोडणी दिवाळीनंतर. तुळई बाहेरून कितीही सुकलेली असली तरी फाडल्यावर आतला भाग नव्याने हवा घेतो, वाकतो. साग कमी हलतो पण रुंदीत हलतोच, म्हणून माथा खालच्या फ्रेमला फेविकॉलने चिकटवू देऊ नका, स्क्रूची भोकं आडवी लांबट करायला सांगा म्हणजे माथ्याला फुगायला-आक्रसायला जागा राहते. फळ्या एकमेकींना जोडताना मात्र कडा थिनरने पुसून लगेच फेविकॉल, सागाच्या तेलावर तो नीट धरत नाही. पाय बोल्टने काढता येतील असे ठेवा, नाहीतर लिफ्टमध्ये अडकेल, आणि एकट्या माथ्याचंच वजन तीस किलोच्या आसपास जाईल.

पॉलिश, मी तेल आणि मेणाच्या बाजूचा आहे. लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं पण गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग पडतो. अळशीचं उकळलेलं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळायचं नाही) तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर पुसून काढायचं, मग मेण. डाग पडला तर तेवढीच जागा घासून परत तेल लावता येतं. फक्त तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

वखारीतला
इथे माझं मत वेगळं. चार वर्षांचं पोर, रोज वरण सांडणार, पाण्याचे ग्लास तसेच राहणार. मॅट पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) करा, दहा वर्षं बघायला नको. तेल दर वर्षी परत लावावं लागतं, ते लावायला वेळ असेल तरच त्या वाटेला जा.

चरईची_लेक
माथ्याला पीयू आणि बाकाला तेल असं करते, बाक माझ्या हाताने घासायची इच्छा आहे. अजून एक, उंबऱ्याचं काय करू? मधोमध झिजून खोलगट झालाय. सुतार म्हणतो रंधा मारून सपाट करून बाकाच्या पाठीला लावू.

नौपाडा_जुना
रंधा मारू देऊ नका. तो खोलगटपणा तुमच्या आजीच्या आणि घरातल्या सगळ्यांच्या पायांनी आलाय. आमच्याकडे तसाच ठेवलाय, नुसता ओल्या फडक्याने पुसून मेण लावलं आणि देवघराच्या खाली आडवा बसवला, सकाळी पूजेचं ताम्हण त्याच खोलगट जागेत ठेवतो.

चरईची_लेक
बाबांना वाचून दाखवलं. उंबऱ्याची लांबी ४१ इंच भरली आणि आमच्या देवघराची भिंत ४४ आहे.