व्हिडिओ प्रकल्प दिला, आठही गटांकडून एकच व्हिडिओ आला!

इतिहासाच्या_बाई
नमस्कार. मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. यंदा वहीतल्या प्रकल्पाऐवजी तीन मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगितला. विषय: ‘वाफेच्या इंजिनाने काय बदललं?’ आठ गट, पंधरा दिवस. आठही व्हिडिओ एकाच साच्यातले आले. नेटवरची चित्रं, त्यावर सरकती अक्षरं, मागे धडामधूम संगीत आणि कुठूनतरी उचललेला उतारा एका दमात वाचणारा एक आवाज. दोघांचा तर आवाजच गायब, गाण्याच्या हक्कांवरून अपलोड केल्या केल्या म्यूट झाला. एका गटात खोदून विचारलं तेव्हा कळलं की सगळं एकाच मुलाने रात्री जागून केलं, बाकीच्यांची फक्त नावं.

हीच मुलं एरवी मोबाइलवर काय काय उद्योग करतात, मग इथेच का ढेपाळतात? वर्गात मोबाइल चार, तासिका ३५ मिनिटांची. मला एडिटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. आधी मी सॉफ्टवेअर शिकायला हवं का?

कात्री_आणि_कान
बाई, सॉफ्टवेअर शिकू नका. खरंच. मी अकरा वर्षं रेडिओत होतो, आता किशोरवयीन मुलांबरोबर ध्वनिमुद्रणाच्या कार्यशाळा घेतो. ज्या शिक्षकाला सॉफ्टवेअर उत्तम येतं, तो दहाव्या मिनिटाला ‘थांब, मी दाखवतो’ म्हणत माउस हातात घेतो. पुढचं काम मग त्याचं, मुलांचं नव्हे. मी स्वतः हात मागे बांधून उभा राहतो, शब्दशः.

तुमचं चुकलं ते प्रश्नात. ‘काय बदललं’ हे धड्याचं नाव झालं, मुलांनी धड्यासारखंच उत्तर दिलं. मी असतो तर हे दिलं असतं: १८४० साली इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. पश्चिमेकडच्या ब्रिस्टल शहराची स्थानिक, सूर्यावरून ठरणारी वेळ तिच्यापेक्षा सुमारे दहा मिनिटं मागे. आता ब्रिस्टलच्या एका घड्याळजीला कुणीतरी येऊन सांगतंय, ‘तुमचं घड्याळ चुकतंय.’ ९० सेकंदांचं भांडण करा. हे आयतं कुठून उचलणार?

आणि व्हिडिओ सध्या बाजूला ठेवा, नुसता आवाज घ्या. कॅमेरा आला की केस, कपडे, कोण कसं दिसतं, यातच निम्मा वेळ जातो आणि लाजरी मुलं मागच्या मागे सटकतात.

एका कार्यशाळेत दोन दिवस चकार शब्द न बोललेला एक मुलगा होता. काम दिलं होतं, ‘एकही शब्द न वापरता उशीर झालाय हे ऐकवा.’ त्याने जिन्यावरची पावलं घेतली, दोन-दोन पायऱ्या गाळत येणारी. मग दाराची कडी. मग शांतता. मग एक खुर्ची सरकते. सगळं मिळून २२ सेकंद. त्यानंतर ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आवाजाची लहर डोळ्यांसमोर दिसते, काहीही बिघडलं तरी मागे जाता येतं) तो चाळीस मिनिटं फक्त दार आणि खुर्ची यांच्यामधल्या शांततेशी झगडत होता. आधी एक सेकंद. मग अर्धा. शेवटी दोन केले. का, विचारलं तर म्हणाला, “दोन ठेवले की सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं.” त्या दोन दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य हे!

बाकी किरकोळ. फोन फ्लाइट मोडवर, पंखे बंद. फोन तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, नाहीतर प-फ-भ धपकन आदळतात. रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट वेगळा घेऊन ठेवा, कापाकापीनंतर ठिगळं लावायला लागतोच. चार मोबाइल पुष्कळ झाले. गटात एक जण लिहितो, एक बोलतो, एक ध्वनिमुद्रण करतो, एक हेडफोन लावून कापतो आणि दर तासिकेला कामं बदलायची. एकट्याने रात्री बसून करण्याचा प्रश्नच मिटला, कारण काम वर्गातच होतं. गुण द्यायचे तर निम्मे कच्च्या मसुद्याला, ‘काय कापलं आणि का’ याला द्या.

गणितवाला
आवाजाचं प्रेम जरा जास्तच होतंय, राव. अपूर्णांक कानाला कसे ऐकवणार? माझ्या वर्गाने स्टॉप-मोशन केलं, म्हणजे वस्तू जराजराशी हलवत फोटो काढायचे आणि ते सलग दाखवायचे. सेकंदाला १२ फोटो, पाच सेकंदांचे ६०. हा हिशोब मुलांनी आपणहून मांडला, मी फळ्यावर मांडला असता तर निम्मी झोपली असती. एकच सूचना: फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवत असाल तर चिकटपट्टीने घट्ट बसवा. आमची चळत ४७व्या फोटोला हलली, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मुलं रडली नाहीत, मी रडायच्या बेतात होतो. ज्यांना प्रोग्रॅमिंगकडे न्यायचंय त्यांनी स्क्रॅच बघा, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन. एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं, २००७पासून आहे. दुसऱ्याचा प्रकल्प रीमिक्स केला तर मूळ कुणाचा ते तिथे आपोआप दिसतं. नक्कल आणि भर घालणं यातला फरक मला वेगळा समजवावा लागला नाही.

ग्रंथपाल_ताई
म्यूटबद्दल. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने ठराविक अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं संगीत घ्या, पण परवान्याची अक्षरं वाचून. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्यायचं. ‘एनडी’ असेल तर त्यात बदल करून वाटता येत नाही आणि व्हिडिओच्या मागे जुळवून लावणं हाही बदलच धरला जातो. त्याहून सोपं म्हणजे बाक वाजवा. आणि मुलांचे चेहरे, नावं, आवाज पालकांना आणि मुलांनाही विचारल्याशिवाय बाहेर टाकू नका. वर्गात ऐकवलं तरी श्रोते मिळतातच की.

इतिहासाच्या_बाई
तीन आठवड्यांनी कळवते आहे. घड्याळजी दिला, पाच तासिका गेल्या. (माउसकडे हात दोनदा गेला, कबूल.) एका गटाचा घड्याळजी भांडतच नाही, नुसता ‘हो साहेब’ म्हणतो आणि गिऱ्हाईक गेल्यावर काटे पुन्हा मागे फिरवतो. हे माझ्या डोक्यात आलं नसतं. दुसऱ्या गटाने गावच्या घड्याळाचा टोल आणि स्टेशनच्या घड्याळाचा टोल असे दोन टोल केलेत, स्टीलच्या पेल्यावर पेन्सिल आपटून. मधली दहा मिनिटं चार सेकंदांत बसवली. काल ऐकवायचं ठरलं होतं, पण आणखी एक दिवस मागताहेत. दुसरा टोल पेल्यासारखाच वाजतो म्हणे. आज कुणीतरी घरून पितळी झाकण आणणार आहे.