‘रन’ म्हणजे धावणं, मग भाजणी कमी धावली म्हणजे काय झालं?

दांडियाबाजारची काकू:
बडोद्यात दांडिया बाजारात माझा घरगुती पिठांचा धंदा आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी. इंग्रजी दहावीपर्यंतचं, तेही मराठी शाळेतलं. सून तमिळ, दोघं टोरांटोला, त्यामुळे आम्हा सासू-सुनांचा सगळा कारभार मोडक्या इंग्रजीत. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, ‘अम्मा, वी आर रनिंग लो ऑन भाजणी.’ मी म्हटलं, रनिंग म्हणजे चालू, लो म्हणजे कमी. भाजणी तिकडे कमी चालते आहे, खपत नाही बिचाऱ्यांना. शेजारणीचा भाचा तिकडे निघाला होता. त्याच्याबरोबर दोन किलो द्यायची ठरवली होती, ती अर्धा किलोच तोलली, दुहेरी पिशवीत बांधली आणि उरलेल्या जागेत चिवडा कोंबला. पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन, ‘आई, संपत आली म्हणून तर तिने कळवलं!’
आम्हाला शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच घोकवलं. या शब्दाचे अर्थ तरी आहेत किती?

रावपुऱ्याचे मास्तर:
काकू, किती ते मोजून झालंय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने या एका शब्दाला चिकटून बसले होते. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, १९८९च्या आवृत्तीत ४३०.
पण तुमचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. इंग्रजांचं जे धावतं, ते आपलं बहुतेक वेळा चालतं. त्यांचं दुकान ‘रन’ होतं, आपलं चालतं. त्यांचं घड्याळ ‘रन्स फास्ट’, आपलं पुढे चालतं. ‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’ म्हणजे मधुमेह घराण्यात चालत आलाय. इथवर तुमचं ‘चालू’ बरोबर.
गाडी अडली ती ‘लो’पाशी. ‘रन’च्या पुढे असं विशेषण आलं की त्याचा अर्थ ‘तसं होत जाणं’. विहीर ‘रन्स ड्राय’ म्हणजे आटते. ‘रनिंग लो’ म्हणजे साठा खाली उतरत चाललाय, डब्याचा तळ दिसायला लागलाय. ‘रन आउट’ म्हटलं असतं तर डबा पालथा घालून ठोकून झाला, असं समजायचं. सुनेने वेळेवर सांगितलं होतं हो, तिला दोष नाही.
पातळ पदार्थाचं मात्र निराळं. नळ ‘रन’ होतो, सर्दीत नाक ‘रन’ होतं, धुण्यात बांधणीचा रंग ‘रन’ होतो. तिथे ‘चालणे’ लावलंत तर हसू होईल. आपण वाहतो, गळतं, रंग जातो म्हणतो. प्रत्येकाला वेगळं क्रियापद, आणि मला विचाराल तर ही मराठीची श्रीमंतीच.

मोतीबागेतला प्रेक्षक:
मास्तर क्रिकेट विसरले, तेही बडोद्यात राहून! ‘रन’ला शब्दशः ‘धाव’ म्हणतो ते फक्त मैदानावर. १९४७ साली रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध आपल्या विजय हजारेंनी २८८ आणि गुल महंमदनी ३१९ केल्या, चौथ्या विकेटसाठी ५७७. त्या सगळ्या काही पळून काढलेल्या नव्हत्या, चौकारांत कोण पळतो? तरी त्या धावाच.
आणि निवडणूक बघा. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडात ‘स्टँड’. आपला तर पहिल्यापासून उभाच राहतो.
बाकी काकू, आपल्या गुजराती शेजाऱ्यांचं ‘चालशे’ आणि आपलं ‘चालेल’ याला ‘रन’ कधी लावू नका. ‘चार वाजता येऊ का?’ याला ‘इट विल रन’ असं उत्तर एकदा मी ऑफिसात दिलंय. साहेब अजून बघतो माझ्याकडे.

दांडियाबाजारची काकू:
तळ दिसणं आणि डबा पालथा, हे आता विसरायची नाही. पण आज सकाळीच सुनेचा नवा मेसेज, ‘आय रॅन इनटू युअर फ्रेंड ॲट द टेंपल.’ देवळात धडकली का माझ्या मैत्रिणीला? तिचे गुडघे आधीच दुखतात. फोन करायच्या आधी इथे विचारते.

रावपुऱ्याचे मास्तर:
कुणाला काही लागलेलं नाही. अचानक गाठ पडली, एवढंच. सून गाडीत असती आणि ‘इनटू’च्या पुढे खांब असता, तर मात्र धडकलीच म्हणायचं. आणि ‘रॅन ओव्हर’, म्हणजे अंगावरून गाडी गेली, असं दिसलं तर तडक फोन लावा.

दांडियाबाजारची काकू:
हुश्श. या वेळी अडीच किलो भाजणी काढून ठेवली आहे, धणे जरा जास्त घातलेत, तिला आवडतात. टोरांटोला जाणारं कोणी असेल तर कळवा. चिवडा नाही देणार सोबत.