उंबरठे आणि अरुंद मोरी असलेल्या घरांसाठी परवडणारा वॉकर कसा बनवावा?

प्रश्न (फॅब्रिकेशन व्यावसायिक, इचलकरंजी)

माझे लहानसे फॅब्रिकेशन वर्कशॉप असून परिसरातील वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी कमी किमतीत वॉकर व व्हीलचेअर बनवण्याचा विचार आहे. बाजारात मिळणारे वॉकर सपाट, गुळगुळीत फरशी गृहीत धरून केलेले असतात. आमच्याकडच्या घरांत मात्र उंबरठे, शहाबादी फरशीचे उंचसखल सांधे, अंगणातला उतार आणि जेमतेम एक माणूस आत जाईल अशी मोरी असते. खर्च कुठे वाचवता येईल आणि कुठे अजिबात वाचवू नये? पाइप लोखंडी घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

पाइपच्या आधी मापाचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माणूस चप्पल घालून सरळ उभा राहिला आणि हात मोकळे सोडले की वॉकरच्या मुठीची उंची मनगटाच्या घडीइतकी यावी. म्हणजे वॉकर धरल्यावर कोपर साधारण २० ते ३० अंशांत वाकते आणि हातांवर भार देता येतो. एकाच ठरावीक उंचीचा वॉकर बनवला तर तो स्वस्त पडेल, परंतु बुटक्या आजींचे खांदे त्यात वर उचललेले राहतील आणि उंच आजोबा पुढे वाकून चालतील. त्यामुळे पायांची उंची बटण दाबून कमी-जास्त करण्याची सोय ठेवावीच.

दुसरी गोष्ट पायांखालच्या रबराची. ते झिजून गुळगुळीत झाले की ओल्या मोरीत वॉकरच घसरतो, आणि तालुक्याच्या गावीदेखील त्या मापाचे रबर सहजी मिळत नाही. सहज मिळेल अशा मापाचेच रबर वापरावे आणि प्रत्येक वॉकरसोबत एक जादा संच द्यावा.

प्रतिसाद २ (व्हीलचेअर वापरणारा, मणक्याच्या दुखापतीनंतर)

व्हीलचेअरविषयी लिहितो. सर्वांत आधी काटछाट होते ती बसण्याच्या गादीत, आणि आमच्यासारख्यांना सर्वांत महाग पडते तीही तीच. कमरेखाली संवेदना नसली की ढिल्या, झोळीसारख्या बैठकीवर एकाच जागी दाब येऊन जखम होत असल्याचे कळतच नाही आणि ती भरायला महिनोन्‌महिने लागतात. खर्च वाचवायचा असेल तर रंगात, क्रोममध्ये, घडी घालण्याच्या सोयीत वाचवा.

पुढची लहान, कडक चाके मातीत रुतून खुर्ची पुढे कलंडते. त्याऐवजी ती मोठी, रुंद आणि थोडी पुढे बसवावीत. मागची चाके मात्र सायकलचीच घ्या, कारण टायर, ट्यूब आणि स्पोक कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात. माझी आधीची खुर्ची एका बेअरिंगसाठी अडून पडली होती, कारण ते माप जवळपास कुठेच मिळत नव्हते.

प्रतिसाद ३ (यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक)

इथल्या गरजा आणि इथे मिळणारे सुटे भाग पाहून साधन घडवावे, या वरील मुद्द्याला इतिहासातही आधार आहे. १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्र. क. सेठी यांनी जे कृत्रिम पाऊल घडवले, ते अनवाणी चालणे, उकिडवे बसणे आणि ओल्या शेतात उतरणे या इथल्या गरजा पाहून घडवले गेले. पुढे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील ॲमॉस विंटर यांच्या चमूने केलेल्या तरफेवर चालणाऱ्या व्हीलचेअरलाही सायकलचेच सुटे भाग आहेत: तरफ वरच्या टोकाशी धरली की चढावर जोर मिळतो, खालच्या बाजूला धरली की सपाटीवर वेग मिळतो.

पाइपबद्दल माझे मत असे की, दर पावलाला उचलावा लागणारा वॉकर ॲल्युमिनियमचाच असावा. व्हीलचेअरला मात्र लोखंड बरे, कारण ते तुटले तर गावातला वेल्डर जोडू शकतो. ॲल्युमिनियम जोडण्याची सोय सगळीकडे नसते. किंमत ठरवताना हेही पाहावे की राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात. काठी, चष्मा आणि वॉकर या सगळ्यांची गरज असलेल्या माणसाला ती रक्कम पुरवून वापरावी लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. उचलण्याची ताकद नसलेल्यांसाठी पुढे दोन चाके लावली, तर ब्रेक द्यावा लागेल का?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

मागचे दोन पाय रबराचेच ठेवले तर वेगळा ब्रेक लागत नाही, कारण माणूस अंगाचा भार टाकतो तेव्हा रबर जमिनीला घट्ट धरते. चारही चाके असतील तर मात्र हाताचे ब्रेक हवेतच, आणि ते आवळण्याइतकी पकड संधिवाताच्या बोटांत असेलच असे नाही. पुढची चाके किमान पाच इंचांची घ्या, दोन इंचांची उंबरठ्याला अडतात. आणि चौकटीची रुंदी ठरवण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मोरीचे दार मोजा.