'बापाचा सूड' म्हणजे सूड नक्की कोणावर?

धनकवडीकर: एका मारधाडपटाबद्दल पुण्यातल्या प्रेक्षकांची मतं संकलित केली आहेत. गोष्ट अशी: जमिनीपायी भाऊबंद वडिलांचा खून करतात आणि मुलगा त्यांना एकेक करून संपवतो. एका प्रेक्षकाचे शब्द होते, 'पोरानं बापाचा बदला काय घेतलाय, तोड नाही!' संपादनात 'बदला' हिंदी म्हणून कापला गेला आणि फोटोखालची ओळ झाली, 'मुलाने बापाचा सूड घेतला'. ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांनी अर्थ लावला की मुलाने बापालाच संपवलं. चूक वाचणाऱ्यांची की वाक्याची? ओळ सहा शब्दांत बसायला हवी.

नळस्टॉप: वाक्याची. सुडाला दोन गोष्टी लागतात: कशाबद्दल आणि कोणावर. 'अपमानाचा सूड', 'काकावर सूड'. पण 'चा'च्या आधी कृत्याऐवजी माणूस आला की तोच लक्ष्य होतो. 'मी तुझा सूड घेईन' हे आपण शत्रूलाच ऐकवतो. परशुरामाची कथा सांगताना 'जमदग्नीच्या वधाचा सूड' म्हणतात, नुसतं 'जमदग्नीचा सूड' कानाला खटकतं. जनमेजयाने सूड उगवला तो परीक्षिताच्या मृत्यूचा, आणि सर्पांवर. तेव्हा 'मुलाने बापाच्या खुनाचा सूड घेतला'. पाच शब्द, घोळ संपला.

शनिवारपेठी: घोळ संपादकाने केला. 'बापाचा बदला' ऐकून कोणीही गोंधळत नाही. प्रेक्षकाचं मत म्हणून छापताय ना? मग त्याच्या तोंडचा शब्द बदलण्याचा अधिकार कोणाला? नवा शब्द घालताना विभक्ती तपासली नाही, म्हणून अर्थ उलटा झाला.

औंधकर: शिवाय 'बदला' परका ठरवायचा तर बदल, बदली, मोबदला हेही टाकावे लागतील. सगळे त्याच अरबी धातूचे, फारसीतून आलेले. मात्र मराठीत या कुळाचा मुख्य अर्थ अदलाबदलीचा. शेअर बाजारात सौदा पुढे ओढण्याच्या पद्धतीलाही, 2001 साली ती बंद होईपर्यंत, 'बदला'च म्हणत. खुनाच्या बदल्यात खून हा अर्थ आपल्याकडे पक्का केला तो हिंदी पडद्याने.

नळस्टॉप: तोच तर मुद्दा. बदल्यात हिशेब आहे, दिलं तेवढं घेतलं. सूड मात्र 'उगवतो'. 'बदला उगवला' म्हणून बघा, जीभच अडखळते. त्या चित्रपटात एका खुनापोटी अख्खं घराणं जातं. तो हिशेब नव्हे, सूडच.

बिबवेवाडीकर: 'प्रतिशोध' का नको? भारदस्त आहे.

शनिवारपेठी: कारण मराठी वाचकाला त्यात आधी 'शोध' दिसतो. प्रेक्षागृहातून बाहेर पडणारा माणूस 'काय प्रतिशोध घेतलाय' म्हणेल का? 'वचपा'ही चालणार नाही. वचपा काढतात तो मागच्या सामन्यातल्या पराभवाचा, किंवा नुकसानीचा. उट्टं काढणं त्याच्याच आसपासचं. खुन्नस त्याहून हलकी, कट्ट्यावरची. यातलं काहीही खुनाला पुरत नाही.

औंधकर: 'डूख धरणे' विसरू नका. ते सुडाच्या आधीचं. नाग डूख धरतो म्हणतात, म्हणजे मनात जपून ठेवतो. चित्रपट मध्यंतरापर्यंत संथ आहे अशी तक्रार बऱ्याच प्रतिक्रियांत आहे, पण तो भाग डूख धरण्याचाच आहे. मुलगा वडिलांची फुटकी चष्म्याची काच खिशात घेऊन वावरतो, हाणामारी एकही नाही. उत्तरार्ध सुडाचा.

धनकवडीकर: दुसऱ्या एका फोटोच्या ओळीत 'सूडाचा' लिहिलं आहे. तुम्ही सगळे 'सुडाचा' लिहिताय. बरोबर कोणतं?

नळस्टॉप: ऱ्हस्व. फूल–फुलाचा, सूत–सुताचा, तसंच सूड–सुडाचा. प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. भित्तिपत्रकांवर हमखास चुकतं, कारण मोठ्या अक्षरात मूळ शब्द डोळ्यांसमोर असतो.

बिबवेवाडीकर: तो नियम तत्सम शब्दांना नाही. दूत–दूताचा, रूप–रूपाचा. 'सूड' मला संस्कृत 'सूद्' धातूचा वाटतो, ठार मारणे, जसा मधुसूदन. तसं असेल तर दीर्घ ठेवायला हवा.

औंधकर: धातू तो मानला तरी द चा ड झाला, म्हणजे रूप बदललं. रूप बदललं की तद्भव, तत्सम नव्हे. तुमच्याच व्युत्पत्तीने 'सुडाचा' सिद्ध होतो.

बिबवेवाडीकर: आधी द चा ड झाला हे दाखवा. दंड, दंश यांतून दांडा आणि डंख दोन्ही आले. एकात द टिकला, एकात बदलला. नियम कुठला लावणार?

नळस्टॉप: दांड्यातला द शब्दाच्या सुरुवातीचा, सुडातला शेवटचा. एकाच मापाने मोजता येणार नाहीत. 'सूदन'वरून आलेला, शेवटी ड असलेला दुसरा एक तरी मराठी शब्द द्या, मग पुढे बोलू.

शनिवारपेठी: आणि अवतरणात 'बदला' परत घाला, ही विनंती अजून तशीच आहे.