कॅलिफोर्निया: स्कूल बोर्डाच्या सदस्यांनी आपापसांत किती बोलायचं?

बेएरियाकर: पाच जणांच्या स्कूल बोर्डावर निवडून आलो आहे, शपथ डिसेंबरात. एका सदस्याने पाचही जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, 'सभेआधी बोलून घेऊ' म्हणून. ब्राउन ॲक्टमध्ये, म्हणजे सरकारी मंडळांनी कामाची चर्चा खुल्या सभेतच करावी या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात, हे बसतं का? की शपथेपर्यंत मोकळीक असते?

कलमकसाई: मोकळीक नाही. निवडून आलेला माणूस पदावर बसायच्या आधीच या कायद्याखाली येतो.

आता आकडा बघा. पाचात बहुमत तीन. दोघं कितीही बोला. त्या दोघांतला एक जण त्याच विषयावर तिसऱ्याशी बोलला, की सभा झाली, भले तिघं एका खोलीत कधीच नसोत. गव्हर्नमेंट कोडचं कलम 54952.2 मुद्दाम यासाठीच आहे: थेट, मध्यस्थामार्फत किंवा एकापाठोपाठ एक, कसंही बहुमत जमवून बोर्डाच्या अखत्यारीतल्या कामावर चर्चा करायची नाही. निर्णय झालाच पाहिजे असंही नाही, चर्चा पुरेशी आहे.

माणसं अशा एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या साखळीत फारशी सापडत नाहीत, मध्यस्थात सापडतात. सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारा मुख्य अधिकारी, एकेकाला फोन करून माहिती देतो, ते चालतं. पण 'बाकी दोघांना हे मान्य आहे' एवढं तो बोलला तर तोच दुवा ठरतो. पालक, युनियनचा माणूस, कोणीही दुवा होऊ शकतो. म्हणून समोरच्याला आधीच सांगावं: इतरांचं मत मला सांगू नका, माझं त्यांना पोचवू नका.

गावाकडे चहावर ठरवून सभेत नुसते हात वर करायची रीत. इथे तिघांचा तो चहाच बेकायदा सभा. लग्नात, दिवाळी पार्टीत पाचही जण भेटले तर हरकत नाही, फक्त तिथे आपापसांत बोर्डाचं काम काढू नका.

टाचणी: ग्रुपमधून आजच बाहेर पडा. तिथे कामाच्या पोस्टवर तिघांचे अंगठ्याचे इमोजी उमटले, तर बहुमताचा कल लेखी नोंदला गेला. ईमेलचंही तेच: बोर्डाचा क्लार्क सगळ्यांना कागद पाठवतो, एक जण सवयीने 'रिप्लाय ऑल' करतो आणि घोळ होतो. उत्तर फक्त क्लार्कला द्या.

फेसबुकसारख्या सर्वांना खुल्या जागी नियम उलट जास्त कडक. 2021 पासून तिथे बहुमताचा हिशोबच नाही: बोर्डाच्या कामाबद्दल एका सहकाऱ्याने लिहिलं आणि तुम्ही लाइक किंवा इमोजी दिला, तरी उल्लंघन. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मात्र मुभा आहे.

आणि खासगी फोन म्हणून निर्धास्त राहू नका. सॅन होजे शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं की खासगी खात्यावरचे सरकारी कामाचे संदेशही सार्वजनिक दस्तऐवज ठरू शकतात.

बेएरियाकर: मग तातडीचा विषय आला तर?

कलमकसाई: नेहमीच्या सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो, विशेष सभेचा 24 तास. अजेंडा लागल्यानंतर खरंच तातडीचं काही कळलं, तर नेहमीच्या सभेत दोन तृतीयांश मतांनी तो विषय घेता येतो. पाचही हजर असतील तर चार. तिघंच हजर असतील तर तिघांचंही एकमत हवं. बंद दाराआडची सभा ठरावीक कारणांसाठीच असते: खटले, जागेच्या खरेदी-विक्रीची बोलणी, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, युनियनशी वाटाघाटी असं काही. 'विषय नाजूक आहे' हे कारण त्यात बसत नाही.

बेएरियाकर: चुकून साखळी पूर्ण झालीच असेल तर?

टाचणी: लगेच थांबा, बोर्डाच्या वकिलाला सांगा, आणि पुढच्या सभेत तो सगळा संवाद उघड करून विषय लोकांसमोर नव्याने चर्चेला घ्या. पूर्वीचं मत गृहीत धरून नुसता शिक्का मारलात तर दुरुस्ती झाली असं होत नाही.

ठराव झालेला असेल तर कोणीही संबंधित नागरिक किंवा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी (काउंटीचा सरकारी वकील) लेखी दुरुस्ती मागू शकतो. मुदत निर्णयापासून 90 दिवस. खुल्या सभेत अजेंड्याबाहेर घेतलेल्या निर्णयाला 30. मागणी आल्यापासून बोर्डाला 30 दिवस, नंतर कोर्टात जायला मागणी करणाऱ्याला 15. कायदा मोडून निर्णय घेतलेल्या सभेला तुम्ही लोकांपासून माहिती दडवण्याच्या हेतूने हजर राहिलात तर फौजदारी गुन्हाही लागू शकतो.

बेएरियाकर: ग्रुप सोडला. का सोडला ते तिथे लिहिलं नाही, वकिलालाच कळवलं.