फॅमिली ग्रुप: फोर बाय फोरची ट्रिप, पण खिशाला झेपेल अशी

दादा: चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्या, म्हणजे फोर बाय फोर, घेऊन जायच्या कॅम्पिंगचं एकदाचं फायनल करूया. सामानाची यादी टाकतोय. टपावरचा तंबू, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), एलईडी लाइट बार, गाडीतला फ्रिज, साइडला लावायचं ऑनिंग (कापडी छत), जादा डिझेलसाठी दोन जेरी कॅन.

ताई: तुला ट्रिपला जायचंय की गाडीचं लग्न लावायचंय?

मी: दादा, हे सगळं घेतलं तर डिझेलला पैसे उरणार नाहीत. मग गाडी पार्किंगमध्ये उभी करून टपावर झोपू.

मामा: यादी उलट्या टोकाने सुरू झालीय. आधी कुठे जायचं, किती किलोमीटर, किती रात्री ते ठरवा. सामान सगळ्यात शेवटी. अशा ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त पैसे इंधन खातं.

मी: मामा, आकडे सांग ना. मी शीट बनवतेय.

मामा: लिही. जाऊन-येऊन डांबरी १००० किमी आणि आतला कच्चा रस्ता २०० किमी. डांबरावर गाडी लिटरला १२ देते असं धर. कच्च्यावर, वाळूत, लो रेंजमध्ये (जास्त जोराच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) ७ धर, तेही सढळ हाताने. ८३ अधिक २९, झाले ११२ लिटर. आता तसाच २०० किमीचा कच्चा रस्ता निम्म्या अंतरावर शोध. डांबरी ५०० झाला की एकूण जेमतेम ७० लिटर. चिखल तेवढाच, धूळ तेवढीच, आणि इंधन एक तृतीयांशाहून जास्त वाचलं.

भाऊजी: शिवाय ड्रायव्हिंगचा अख्खा दिवस वाचला.

मामा: तेच. आणि रोज मुक्काम हलवायचा नाही. एका जागी दोन-तीन रात्री राहायचं, सामान तिथेच ठेवायचं, हलक्या गाडीने आसपास फिरायचं.

दादा: मग ते टूरिंग कसलं? मला रोज नवी जागा हवी.

मामा: रोज नवी जागा म्हणजे रोज संध्याकाळी अंधारात खुंट्या ठोकणं आणि रोज सकाळी ओला तंबू गुंडाळणं. तिसऱ्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नाही.

मामी: याला मी साक्षीदार आहे.

दादा: बरं, पण टपावरचा तंबू असला तर ठोकाठोकीच नाही. उघडला की झाला.

मामा: आणि आसपास फिरायला निघालास की तोही बंद करून टपावरून न्यायचा. घर तिथे ठेवून गाडी नेता येत नाही, हा त्याचा मोठा तोटा कोणी सांगत नाही. वजनाचंही बघ. हे तंबू साधारण ५० ते ७० किलोचे असतात. टपावर चालत्या गाडीत किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यात कॅरियरचं वजनही धरायचं. बऱ्याच गाड्यांना तिथेच पूर्णविराम लागतो. वर ७० किलो ठेवून आडव्या उतारावर गेलास की गाडी कलायला लागते ते वेगळंच.

ताई: आणि टपावर काही असलं की मायलेज पडतं ना?

मामा: पडतंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० केलंस तर तो दीडपटीहून जास्त होतो, त्यात टपावर खोकं. म्हणून डांबरावर ८०-८५ धरून चालायचं. फुकटात होणारी बचत हीच एक. दादाला ती जमणार नाही.

दादा: 🙄

भाऊजी: मामा, माझी गाडी चालेल का मग? ऑल व्हील ड्राइव्ह आहे, पण लो रेंज नाही.

मामा: मुरूम, गवत, थोडा चिखल, घट्ट वाळू, आरामात. लो रेंजने चाकापर्यंत पोचणारा जोर दुप्पट ते चौपट होतो आणि गाडी मुंगीच्या वेगाने चालवता येते. दगडातून, खड्या उतारावरून जाताना ते लागतं. तुमच्या गाडीचा अडथळा बहुधा दुसराच निघेल, तळ जमिनीपासून किती उंच आहे आणि पुढचा बंपर किती खाली येतो. रस्ता तुमच्या गाडीला झेपेल असाच निवडू. दोन गाड्यांची ट्रिप कमकुवत गाडीच्या हिशोबाने आखायची, मग दोघीही घरी येतात.

भाऊजी: म्हणजे वेगळी गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही.

मामा: अजिबात नाही. उलट दोन गाड्या हाच सगळ्यात स्वस्त विंच. एक रुतली तर दुसरी ओढते. एकच गाडी असती तर मी दादाच्या विंचचा विचार केला असता.

दादा: अरे वा, माझ्या यादीतली एक वस्तू वाचता वाचता राहिली.

मी: मग घ्यायचं नेमकं काय? शीटमध्ये "सामान" हा कॉलम रिकामा आहे.

मामा: क्रमाने सांगतो, पैसे संपले की यादी तिथे तोडायची. पहिले टायर. नवे घ्याच असं नाही, पण आहेत ते तपास. बाजूला DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेलं असतं, असे टायर दगडावर दगा देतात. स्टेपनीचा आकडाही वाच, तिच्याकडे कोणी कधी बघत नाही.

मामा: दुसरं, हवेचा गेज आणि कॉम्प्रेसर. फोर बाय फोरमधली अर्धी विद्या हवा कमी करण्यात आहे. मऊ वाळूत १८ पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करायची. टायर पसरतो, मुख्यतः लांबीत, आणि गाडी खणण्याऐवजी तरंगल्यासारखी जाते. फार खाली गेलास तर वळताना टायर रिमवरून निघतो. आणि कमी हवेवर वेग कमी ठेवायचा, कडेची भिंत तापून टायर जातो. डांबर आलं की आधी हवा भरायची, मगच पुढे. म्हणून कॉम्प्रेसर.

ताई: आमच्याकडे आहे एक, सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावायचा.

मामा: तो छोट्या टायरला ठीक. मोठे कॉम्प्रेसर इतका करंट घेतात की सॉकेटचा फ्यूज उडतो. ते थेट बॅटरीला चिमट्याने लावायचे असतात आणि इंजिन चालू ठेवायचं. दोन गाड्यांत एक चांगला पुरे.

मामा: तिसरं, फावडं आणि रिकव्हरी स्ट्रॅप, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचा स्नॅच स्ट्रॅप. साधा टोइंगचा पट्टा आणि स्नॅच स्ट्रॅप यात गल्लत करू नका. स्नॅच स्ट्रॅप साधारण २० टक्के ताणला जातो आणि त्या ताणाने रुतलेली गाडी अलगद उपटून निघते. टोइंगचा पट्टा ताणत नाही. त्याने झटका दिला तर काहीतरी तुटतं.

दादा: माझ्या गाडीला मागे टो बॉल आहे, त्याला अडकवू.

मामा: नाही. हे एकदा सगळ्यांनी नीट वाचा. टो बॉल ट्रेलरसाठी आहे, रिकव्हरीसाठी कधीच नाही. झटक्यात तो तुटला की लोखंडी गोळा थेट दुसऱ्या गाडीच्या काचेतून आत जातो. माणसं मेलीत यात. गाडी ट्रकवर बांधायला दिलेले पातळ हूकही त्याच्यासाठी नाहीत. दोन्ही गाड्यांना रेटिंग असलेले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे किती ओढ सोसतात ते ठरलेल्या, स्ट्रॅप अडकवायच्या पक्क्या जागा, आहेत का ते उद्या बघा, नसतील तर या ट्रिपचे पैसे तिथे घाला. आणि ओढताना बाकी सगळ्यांनी स्ट्रॅपच्या लांबीपेक्षा लांब उभं राहायचं, बाजूला. मोबाइल घेऊन पुढ्यात नाही.

आई: हे मुलांना तिथे पुन्हा सांगायचं.

मामा: मुलांना सांगावं लागत नाही, दादाला सांगावं लागतं.

मी: झोपायचं काय? तंबू दोनच आहेत आपल्याकडे आणि गाद्या शून्य.

मामी: तंबू शेजाऱ्यांकडून मागू. वर्षातून एकदा लागणारी वस्तू विकत कशाला?

मामा: तंबू मागा, पण खालचं अंथरूण चांगलं घ्या. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. हवेच्या साध्या गादीत हवा खेळते आणि ऊब निघून जाते. फोमची चटई स्वस्त, टोचली तरी फुटत नाही. मॅटवर आर व्हॅल्यू लिहिलेली असते, जितकी जास्त तितकी उबदार. उन्हाळ्यात दोनच्या आसपास चालते, कडक थंडीत चारच्या वर बघायची. आणि स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असली तर "कम्फर्ट"चं वाच. "लिमिट"च्या आकड्यावर माणूस आखडून रात्र काढतो.

दादा: फ्रिजचं तरी हो म्हणा.

ताई: दोन-तीन रात्रींसाठी? आईस बॉक्स आहे ना आपल्याकडे.

मामा: आईस बॉक्सच. फक्त बर्फाचे तुकडे नाही, मोठा ठोकळा घाला. त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून हळू वितळतो. डबा आदल्या रात्रीच गार करून ठेवा आणि सगळं गार झालेलंच आत भरा. दार उघडझाक जितकी कमी तितकं चांगलं, म्हणजे पिण्याच्या वस्तूंचा डबा वेगळा.

मावशी: मला महत्त्वाचं विचारायचंय. टॉयलेट??

ताई: हा प्रश्न इतका वेळ कोणी विचारला नाही, कमाल आहे.

मामी: मी सांगते. जिथे सोय आहे तिथे सोय वापरायची. नसेल तिथे पाण्यापासून आणि मुक्कामापासून निदान ६० मीटर लांब, म्हणजे सत्तरेक पावलं, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा आणि नंतर माती लोटायची. कागद पिशवीत परत आणायचा. फावडं मघाशी यादीत आलंच आहे, दोन्ही कामांना एक नको एवढंच.

मावशी: दोन फावडी. प्लीज लिही.

मी: लिहिली. 😂

आई: पाणी किती न्यायचं?

मी: मी माणशी दिवसाला ४ लिटर धरलंय, पिणं आणि स्वयंपाक मिळून. उकाडा असेल तर जास्त. दहा जणांना तीन दिवस म्हणजे १२० लिटर.

मामा: १२० लिटर म्हणजे १२० किलो. दोन गाड्यांत वाटून ६०-६०. गाडीत पाच मोठी माणसं म्हणजे साडेतीनशे किलो आधीच झाले. गाडीचं एकूण परवानगीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांच्यातला फरक काढ, माणसांसकट सगळं त्यात बसलं पाहिजे. जास्त झालं की ब्रेक, स्प्रिंग, टायर सगळं कुरकुरतं आणि मायलेज पडतं. वाटेत आतल्या बाजूला खात्रीचं पाणी मिळत असेल तर निम्मंच न्या. जड वस्तू खाली आणि मधल्या सीटच्या जवळ, टपावर फक्त चटया.

भाऊजी: जेरी कॅन?

मामा: कच्चा रस्ता धरण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरली की २०० किमीला लागत नाहीत. नसलेली वस्तू उचलावी लागत नाही.

मी: शेगडी आपली साधी सिलिंडरवालीच ना?

मामा: हो, पण छोटी ब्यूटेनची कॅन घेणार असाल तर थंडी बघा. ब्यूटेन शून्याच्या जवळपास गॅस व्हायलाच तयार होत नाही, सकाळी शेगडी मिणमिणते. प्रोपेन मिसळलेली कॅन घ्या. आणि कितीही पाऊस असो, शेगडी किंवा निखारे तंबूत नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आई: आणि तुम्ही कुठल्या रस्त्याने जाताय, कधी परत येणार, ते मला लिहून द्या. मी घरी आहे. ठरल्या वेळेला फोन नाही आला तर मी काय करायचं तेही लिहा.

मी: हो आई. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवतेय, तिथे रेंज नसणार.

दादा: म्हणजे माझ्या यादीतलं काहीच नाही?

मामा: ऑनिंगऐवजी जुनी ताडपत्री आणि दोऱ्या आण. तुझी यादी पुढच्या वर्षी काढू, तोवर काय लागतं ते तुलाच कळेल.

मी: मग असं करू. मोठ्या ट्रिपच्या आधी जवळच एक रात्र, हेच सगळं सामान घेऊन. जे वापरलं नाही ते मोठ्या ट्रिपला काढून टाकायचं.

भाऊजी: पसंत. या शनिवारी आम्ही मोकळे आहोत.

मामा: चालेल. शुक्रवारपर्यंत दोन्ही गाड्यांच्या पाचही टायरचे आकडे इथे टाका, फोटोसकट. दादा, तुझ्या स्टेपनीपासून सुरुवात कर.

दादा: स्टेपनी गाडीखाली आहे, काढायला जॅक लागतो.

मामा: मग जॅक कुठे आहे तेही कळेल.