लाईट गेली की आयआरसी चॅटवरचं उत्तर हुकतं. बाउन्सर (माझ्या नावाने चॅटला सतत जोडलेला राहणारा प्रोग्राम) घरी ठेवू का?

वाळपईकर:
मंडळी, मी वाळपईला राहतो. दिवसभर दुकान, रात्री दहानंतर डेबियन या लिनक्सच्या एका पॅकेजचं काम. अडलं की ओएफटीसीवर, म्हणजे आयआरसीच्या एका नेटवर्कवर, विचारतो. तिथली जाणती माणसं बहुतेक युरोप-अमेरिकेतली, त्यामुळे उत्तर येतं ते कधी मध्यरात्री, कधी पहाटे. आणि पावसात आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नाही.

परवा पॅकेजचा बिल्ड (सोर्सपासून बांधणी) का फुटतोय ते विचारलं आणि दहा मिनिटांत अंधार. तीनेक मिनिटांनी लाईट आली, तर माझं नाव अडलेलं. माझंच जुनं कनेक्शन सर्व्हरवर जिवंत होतं, उत्तर येत नाही म्हणून सर्व्हरने ते तोडायचं (पिंग टाइमआउट) बाकी होतं. नावामागे अंडरस्कोर लावून आत गेलो, तर खिडकी कोरी. त्या रात्री असं चार वेळा झालं. मधल्या वेळात कुणी उत्तर दिलं का, ते कळायला मार्गच नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारायला जीव धजत नाही, ती माणसं पदरचा वेळ मोडून सांगतात. घरात जुना रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पडून आहे. त्यावर झेडएनसी हा बाउन्सर टाकला तर भागेल?

डिचोली_७२:
नाही भागणार. आयआरसी १९८८ सालचं, सर्व्हर आलेली ओळ हजर असलेल्यांना देतो आणि विसरतो. बाउन्सर तुमच्या नावाने तिथे बसून राहतो आणि तुम्ही त्याला जाऊन भेटता. पण तो बसणारच तुमच्या घरात असेल, तर लाईट गेल्यावर तोही उठून जाणार. इन्वर्टर लावलात तरी रस्त्यावरच्या फायबरच्या डब्याला वीज नसली तर काय उपयोग? छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटासेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, घ्या, सर्वांत स्वस्त पुरतो. झेडएनसी डेबियनच्या भांडारातच आहे. रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवू नका, वेगळा युजर करा. ओएफटीसीला ६६९७ पोर्टवरून टीएलएसने (एन्क्रिप्टेड) जोडा. नाव मोकळं होताच परत घेणारं कीपनिक मॉड्यूल चालू केलंत की अंडरस्कोरचीही कटकट मिटेल.

मांडवीकाठ:
दादांचं बरोबर. एक गोष्ट मात्र आधीच करा, मी तीत दोन आठवडे घालवले. झेडएनसी प्रत्येक चॅनेलच्या मुळात ५० ओळीच धरून ठेवतं, आणि त्या एकदा दाखवल्या की पुसून टाकतं. मी म्हापशाच्या बसमध्ये फोनवर जोडायचो, घरी लॅपटॉप उघडला की काहीच नाही. शिवाय फोन खिशात झोपलेला असला तरी झेडएनसीला वाटतं माणूस हजर आहे, मग ते साठवतच नाही. ऑटोक्लिअरचॅनबफर ही दाखवलेलं पुसणारी सेटिंग बंद करा, बफर (साठवायच्या ओळी) ५०० करा. आणि ओळी फाइलमध्ये लिहिणारं लॉग मॉड्यूल लावाच, बफर मेमरीत असतो, झेडएनसी रीस्टार्ट झालं की गेला.

वाळपईकर:
दोघांचेही मनापासून आभार. व्हीपीएस घेतला, सगळं सांगितलं तसं केलं. सर्ट मॉड्यूल लावून ओएफटीसीवर ओळख पटवणारं सर्टिफिकेटही नोंदवलं, आता पासवर्ड टाइप करावा लागत नाही.

काल रात्री पुन्हा तोच प्रश्न टाकला, साडेअकराला लाईट गेली ती पहाटे पाचला आली. लॅपटॉप उघडला तर ओळी सरसर वर चढत गेल्या. २:४० ला एकाने माझं नाव घेऊन लिहिलं होतं: बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) पीकेजीकॉन्फ राहिलंय. खाली, वीस मिनिटांनी, त्यानेच विचारलं होतं, जमलं का?

आत्ता उत्तर दिलं त्याला. जमलं.